खेळाडू मुलांच्या व्यायामाची सुरुवात

मुलांनी खेळासाठीचा व्यायाम कधी सुरू करावा, हे जन्मदाखल्यापेक्षा शरीराच्या वाढीवरून ठरते. धावणे, उड्या, कोलांट्या, लोंबकळणे यांना वयाची अट नाही. 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल इतके खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ताकदीचा शिस्तबद्ध व्यायाम साधारण 7–8व्या वर्षी, तोल सांभाळता आणि सांगितलेले नीट करता येऊ लागले की सुरू करता येतो.

सोलापुरात हा प्रश्न बहुधा तालमीच्या दारात नाहीतर खो-खोच्या मैदानावर उभा राहतो. शहरातल्या जुन्या पेठांना तालमींची परंपरा आहे. जिल्ह्यात अकलूजची कुस्ती आणि वेळापूरचा खो-खो प्रसिद्ध आहे. जाणता वस्ताद नव्या पोराला लगेच जोडीला उभे करत नाही. फावड्याने लाल माती उकरणे, मातीत लोळणे, मान-खांदे मोकळे करणे, दोरी चढणे हेच आधी. आधी अंग वळवायचे, मग भार, हा क्रम आजच्या क्रीडाशास्त्रालाही मान्य आहे. बिघडते ते जोर-बैठकांच्या आकड्यांवर पैज लागली की. कंबर खचलेल्या शंभर जोरांपेक्षा नीट मारलेले दहा बरे.

वजने उचलल्याने उंची खुंटते, ही समजूत घरोघरी आहे. जाणत्याच्या देखरेखीखाली, 10–15 वेळा सहज उचलता येईल एवढ्याच वजनाने केलेल्या व्यायामाने तसे होत नाही. पेलू लागले की 5–10 टक्के वाढवावे. वयात येण्यापूर्वी वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेच्या सरावातून येते, दंड फुगत नाहीत. त्यामुळे पालक हिरमुसतात, ते विनाकारण.

खरी जपणूक लागते ती उंची झपाट्याने वाढते तेव्हा. मुलींमध्ये सुमारे 12व्या, मुलांमध्ये 14व्या वर्षी. हाडे लांबतात, स्नायू मागे राहतात, हाडांच्या टोकांची वाढीची कूर्चा नाजूक असते. खो-खोत पाटीवर उकिडवे बसून ‘खो’ मिळताच उसळणे, वळणे, सूर मारणे हे दिवसभर चालले, तर गुडघ्याच्या वाटीखाली दुखरा उंचवटा येतो. तिथे बोट दाबले की मूल पाय आखडून घेते. हा ऑसगूड-श्लॅटर विकार; टाचेतल्या तशाच दुखण्याला सेव्हर म्हणतात. अशा वेळी उड्या आणि सूर कमी करायचे, ‘वाढीचे दुखणे’ म्हणून रेटायचे नाही. नेमकी याच वयात 14 वर्षांखालील शालेय स्पर्धांची निवड होते. लवकर थोराड झालेली पोरे निवडली जातात आणि उशिरा वाढणारी, कदाचित अधिक गुणी, खेळ सोडून देतात.

एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांपलीकडे जातो, म्हणून सराव पहाटे. वजनगटात बसवण्यासाठी कुस्तीतल्या मुलांचे पाणी तोडणे सरळसरळ धोक्याचे आहे. पावडरींच्या डब्यांची गरज नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, दूध, अंडी आणि शेंगाचटणीवर वाढत्या अंगाचे भागते, फक्त पोटभर हवे.

आठवड्यातले सरावाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नसावेत, असा ठोकताळा आहे. दहा वर्षांच्या मुलाला दहा तास पुरे. आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी, आणि निदान वयात येईपर्यंत एकाहून अधिक खेळ.