थर्मासमध्ये पेय गरम राखणे

थंडीत कामावर जाताना चहा, कॉफी, सूप किंवा नुसते उकळलेले पाणी दुहेरी भिंतीच्या, मधली हवा काढलेल्या (निर्वात) बाटलीत भरून नेण्याची रीत. थर्मास पेय गरम करत नाही, आतली उष्णता बाहेर पडायला उशीर लावतो, एवढेच. सकाळी घाईत कोमट चहा ओतायचा आणि दुपारी बाटलीला नावे ठेवायची, यात बाटलीची चूक नसते.

हे पात्र जन्मले ते उलट कामासाठी. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर हे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वायूंचे द्रवीकरण करत; द्रवरूप वायू थंड राहावेत म्हणून त्यांनी १८९२ मध्ये दोन भिंतींमधली हवा काढलेले काचपात्र तयार केले. त्याचे पेटंट त्यांनी घेतले नाही. राइनहोल्ड बुर्गर या जर्मन काच कारागिराने त्याला धातूचे कवच चढवून रोजच्या वापराची बाटली केली आणि १९०३ मध्ये पेटंट मिळवले. ‘थर्मॉस’ हे व्यापारी नाव ‘गरम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले. १९६३ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने तो शब्द सामान्यनाम झाल्याचे ठरवले. मराठीने ‘थर्मास’ म्हणायला कोणत्याही कोर्टाची वाट पाहिली नाही. संपूर्ण पोलादी बाटली विल्यम स्टॅन्ली यांनी १९१३ मध्ये आणली. पडली तरी फुटत नाही म्हणून उघड्यावर काम करणाऱ्यांना तीच सोयीची.

उष्णता तीन वाटांनी जाते : वहन (स्पर्शातून), अभिसरण (हवा किंवा द्रव हलल्याने) आणि प्रारण (किरणांच्या रूपात). भिंतींमधल्या पोकळीत हवाच नसल्याने पहिल्या दोन वाटा जवळजवळ बंद होतात. प्रारणाला काचेवरचा चांदीचा मुलामा किंवा पोलादाचा चकचकीत पृष्ठभाग परतवतो. उरते ते तोंड. तिथे आतली आणि बाहेरची भिंत एकमेकींना जोडलेली असते आणि वर बूच बसते, म्हणून उष्णतेची बहुतेक गळती गळ्यापाशी होते. पातळ बूच असलेली रुंद तोंडाची बाटली सूप खायला बरी, पण चहासाठी अरुंद गळ्याचीच घ्यावी. बाटली पिशवीत उभी ठेवावी; आडवी पडली की गरम द्रव थेट बुचाला भिडतो.

भरण्याआधी उकळते पाणी घालून पाच मिनिटे बाटली तापवून घ्यावी, असे सांगतात. त्याने किती फरक पडतो, याचा हिशेब सोपा आहे. पोलादाची विशिष्ट उष्णता, म्हणजे तेवढेच वजन एक अंश तापवायला लागणारी उष्णता, पाण्याच्या साधारण एक अष्टमांश. आतल्या भिंतीचे पोलाद दीडशे ग्रॅम आणि १० अंश सेल्सिअसला गार असेल, तर ९० अंशांचे अर्धा लिटर पेय ते तापवताना सुमारे ३ अंश गमावते. फायदा प्रचंड नाही, पण फुकटचा आहे. याहून जास्त फरक पडतो तो बाटली काठोकाठ भरल्याने. अर्ध्या भरलेल्या बाटलीत साठवलेली उष्णता निम्मी आणि गळती मात्र जवळपास तेवढीच, त्यामुळे पेय बरेच लवकर निवते. त्याच न्यायाने दोन छोट्या बाटल्यांपेक्षा एक मोठी बरी. पण ती दर अर्ध्या तासाला उघडून घोटभर पिण्यात तिचा सगळा फायदा जातो. थंडीत सोबतच्या सर्वांचे पेले एकदम भरून बूच लगेच लावावे.

काय भरावे, याला वेगळे नियम आहेत. चहा गाळूनच ओतावा; चोथा आत राहिला तर तासाभरात तो कडू जहर होतो. काळी कॉफी नुसती गरम राहूनही हळूहळू आंबट-कडवट होत जाते, त्यावर थर्मासकडे उपाय नाही. दूध घातलेल्या पेयाचा धोका चवीपुरता नसतो. ६० अंशांच्या खाली उतरलेले दूध म्हणजे जिवाणूंना आयती ऊब, आणि काही जिवाणूंची बीजुके (टणक कवचातली सुप्त रूपे) उकळूनही मरत नाहीत. म्हणून बिनदुधाचा चहा न्यावा, दूध वेगळे थंड ठेवावे. उलट बाजूही आहे : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांवरची पेये पिणे ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. चांगल्या थर्मासमधला चहा कित्येक तास त्याहून गरम असू शकतो. गारठलेल्या बोटांना तो पेला लगेच तोंडाला लावावासा वाटतो, तरी दोन मिनिटे नुसता धरून ठेवावा.

बाटली कामातून गेली हे ओळखायला उपकरण लागत नाही. उकळते पाणी भरून दहा मिनिटांनी बाहेरून हात लावावा. पोलादी अंग गरम लागले तर भिंतींमधल्या पोकळीत हवा शिरली, आणि ती घरी दुरुस्त होत नाही. काचेची आतून खुळखुळली तर त्यातले पेय पिऊ नये, ओतून द्यावे. धुताना बुचातली रबरी चकती काढून घासावी, कारण जुना वास बहुतेकदा तिच्यात असतो. आतले चहाचे डाग खाण्याचा सोडा आणि गरम पाणी रात्रभर ठेवल्याने निघतात. पुढच्या दिवसापर्यंत बूच उघडेच ठेवावे. बंद ओल्या बाटलीला येणारा कोंदट वास पहिल्या घोटातच कळतो.