मतदान केंद्रावर ओळखपत्र: काय चालतं, काय चालत नाही आणि लोक अडकतात कुठे

मतदानाच्या आदल्या रात्री घरोघरी एकच शोधाशोध चालते. "अगं, ते इलेक्शन कार्ड कुठे ठेवलंस?" कपाटातली फाईल निघते, लाइट बिलांचा गठ्ठा उपसला जातो आणि कार्ड हाती लागलं की सगळे निवांत झोपतात. मतदार यादीत आपलं नाव अजून आहे का, हे बघायचं मात्र बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. सकाळी रांगेत तासभर उभं राहून "तुमचं नाव या यादीत नाही" हे ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या खिशात कार्ड असतं.

म्हणून आधी मुद्द्याचं. मत देण्याचा हक्क यादीतल्या नावामुळे मिळतो. यादीतली ती व्यक्ती तुम्हीच, एवढंच कार्ड सांगतं. नाव असेल आणि कार्ड नसेल तर मार्ग बरेच आहेत. कार्ड असेल आणि नाव नसेल तर त्या दिवशी एकही नाही.

कार्ड हरवलं असेल तर

लोकसभा आणि विधानसभेसाठी भारत निवडणूक आयोग प्रत्येक निवडणुकीआधी पर्यायी कागदपत्रांचा आदेश काढतो. २०२४ मध्ये लोकसभेला आणि नोव्हेंबरातल्या आपल्या विधानसभेला पुढची बारा चालत होती:

- आधार कार्ड
- मनरेगाचं जॉब कार्ड
- बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक
- कामगार मंत्रालयाच्या योजनेतलं आरोग्य विम्याचं स्मार्ट कार्ड
- वाहन परवाना
- पॅन कार्ड
- राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीखाली मिळालेलं स्मार्ट कार्ड
- भारतीय पासपोर्ट
- फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं
- केंद्र, राज्य, सार्वजनिक उपक्रम किंवा पब्लिक लिमिटेड कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेलं फोटो ओळखपत्र
- खासदार-आमदारांचं अधिकृत ओळखपत्र
- दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड

रेशन कार्ड यात नाही. कॉलेजचं आयकार्डही नाही, आणि पहिल्यांदा मत द्यायला आलेली मुलं नेमकी तिथेच फसतात. घरी येते ती मतदार चिठ्ठीही ओळखपत्र म्हणून चालत नाही. पूर्वी तिच्यावर फोटो असायचा आणि ती चालायचीही. २०१९ पासून आयोगाने ते बंद केलं. आता चिठ्ठीचा उपयोग भाग क्रमांक आणि अनुक्रमांक पटकन सापडण्यापुरता.

झेरॉक्सच्या भरवशावर जाऊ नका, मूळ कागद न्या. आणि फोनमधलं डिजिलॉकर? केंद्रावर मोबाइल नेण्याची बंदी उठवावी आणि डिजिलॉकरमधली ओळख ग्राह्य धरावी, अशी याचिका विधानसभेच्या तोंडावर मुंबई उच्च न्यायालयात झाली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती फेटाळली गेली. २०२५ मध्ये आयोगाने केंद्राबाहेर मोबाइल जमा करून ठेवायची सोय जाहीर केली, पण याचा अर्थ फोन आत जात नाही असाच. तेव्हा हातात धरता येईल असं काहीतरी बरोबर हवं.

टेबलावर काय होतं

पहिला मतदान अधिकारी यादीतलं नाव आणि तुमचा कागद ताडून बघतो आणि नाव मोठ्याने वाचतो. हे मोठ्याने वाचणं मागे बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींसाठी असतं. त्यांच्यापैकी कुणाला "ही ती व्यक्ती नाही" असं वाटलं तर तो दोन रुपये भरून आक्षेप घेऊ शकतो. होय, आजही दोनच रुपये. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात. तुम्ही खरे ठरलात तर मत देता, खोटे ठरलात तर पोलिसांच्या ताब्यात जाता. दुसऱ्याच्या नावाने मत देणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १७४ खाली गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

ओळख पटली की शाई, नोंदवहीत सही किंवा अंगठा, आणि मग यंत्र. गावात हे सगळं दोन मिनिटांत उरकतं, कारण टेबलामागचे निम्मे लोक तुम्हाला नावाने ओळखतात.

नावाची भानगड

खरी गंमत इथे आहे. मराठी नावात तीन खांब: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. लग्नानंतर बाईचे दोन खांब एकदम बदलतात, काही घरांत तर तिन्ही. आधार सासरच्या नावाने, पॅन माहेरच्या, पासबुकात आडनाव आधी, आणि यादीत कुणीतरी टाइप केलेलं चौथंच काहीतरी. माझ्या मावशीच्या कार्डावर तिच्या नावापुढे "पतीचे नाव" म्हणून अनेक वर्षं तिच्या सासऱ्यांचं नाव होतं. ती दर वेळी मत देऊन आली आणि दर वेळी चिडून आली.

ती देऊ शकली, कारण आयोगाच्या सूचना याबाबतीत बऱ्यापैकी समंजस आहेत. ओळख पटत असेल तर शुद्धलेखनाच्या आणि टंकनाच्या किरकोळ चुकांकडे दुर्लक्ष करावं असं त्यांत आहे. दुसऱ्या मतदारसंघातून मिळालेलं जुनं कार्डही चालतं, फक्त नाव त्या केंद्राच्या यादीत हवं. मात्र कार्डावरचा फोटो चेहऱ्याशी जुळत नसेल तर बारापैकी दुसरं काहीतरी दाखवावं लागतं. अठराव्या वर्षी काढलेला फोटो आणि पन्नाशीतला माणूस यांचं जुळणं अवघडच. अशांनी आधारही बरोबर ठेवावं.

यादीवर "अनुपस्थित, स्थलांतरित, मयत" असा शेरा बसला असेल तर तपासणी कडक होते. जिवंत माणूस मयत म्हणून नोंदला जाण्याचे प्रकार दर निवडणुकीत बातम्यांत येतात. नाव पूर्ण कापलं गेलं नसेल, नुसता शेरा असेल, तर ओळखपत्र दाखवून मत देता येतं. केंद्राध्यक्षांकडे जाऊन शांतपणे सांगा.

"चॅलेंज व्होट"चा मेसेज

दर निवडणुकीत व्हॉट्सॲपवर फिरतो: यादीत नाव नसेल तर आधार दाखवून "चॅलेंज व्होट" मागा, आणि १४ टक्क्यांहून जास्त "टेंडर व्होट" पडली तर फेरमतदान होतं. दोन्ही खोटं. चॅलेंज म्हणजे आक्षेप, आणि तो काय असतो ते वर आलंच. यादीबाहेरच्या माणसाशी त्याचा संबंध नाही. आणि १४ टक्क्यांचा असा कुठलाही नियम नाही.

टेंडर मत मात्र खरंच असतं. तुम्ही पोहोचण्याआधी तुमच्या नावावर दुसरं कुणी मत देऊन गेलं असेल, तर ओळख पटवून तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते. ती यंत्रात जात नाही, वेगळ्या लिफाफ्यात बंद होते आणि नेहमीच्या मोजणीत येत नाही. तरी ती मागाच. निकाल कोर्टात गेला तर उपयोगी पडतो तो हाच लिफाफा.

आधीच करायची कामं

नवीन नावासाठी नमुना ६. वयासाठी जन्मदाखला, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, परवाना किंवा पासपोर्ट. पत्त्यासाठी पाणी, वीज किंवा गॅसचं बिल, आधार, पासबुक, पासपोर्ट, शेतीची महसुली कागदपत्रं, नोंदणीकृत खरेदीखत किंवा नोंदणीकृत भाडेकरार. पुण्या-मुंबईत अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला असेल तर तो जपून ठेवा. यातलं काहीच नसेल तर बीएलओ, म्हणजे तुमच्या भागाच्या मतदार यादीचं काम बघणारे अधिकारी, प्रत्यक्ष येऊन खात्री करतात. उघड्यावर राहणाऱ्यांच्या बाबतीत तर त्यांनी रात्री जाऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघायचं असतं.

१ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर या वर्षाच्या चार तारखांपैकी ज्या तारखेला अठरा पूर्ण होतात ती धरली जाते, आणि सतराव्या वर्षीच अर्ज देऊन ठेवता येतो.

घर बदललं, नाव चुकलं, कार्ड फाटलं किंवा हरवलं, तर नमुना ८. कराडहून पुण्याला आलेला माणूस पुन्हा नमुना ६ भरतो, दोन ठिकाणी नाव लागतं आणि पुढे नोटीस येते. नमुना ८ ने जागा बदलली तर कार्डाचा क्रमांक तोच राहतो. अर्ज मतदार सेवा पोर्टलवर, 'ईसीआयनेट' (आधीचं 'व्होटर हेल्पलाइन') ॲपवर किंवा बीएलओकडे; चौकशीला १९५० हा फोन क्रमांक. निवडणूक जाहीर झाल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही, कारण उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादी गोठते.

महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदा राज्य निवडणूक आयोग घेतो. यादी विधानसभेचीच, पण ठरावीक तारखेची. महाराष्ट्रात २०२५-२६ मध्ये झालेल्या फेरीसाठी ती १ जुलै २०२५ होती. ओळखीच्या कागदांचा आदेशही हा आयोग स्वतंत्र काढतो, त्यामुळे तो वेगळा वाचा. गोव्यात २०२५-२६ मध्ये विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे मतदार यादीची कसून फेरतपासणी झाली, तिथल्या कागदांची यादी आणखी निराळी. ती यादीत राहण्यासाठी होती, केंद्रावर दाखवण्यासाठी नव्हे.

फोटो ओळखपत्र सक्तीचं असावं का?

आपल्याकडे हा वाद तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी १९९३ मध्ये ओळखपत्रांचा आदेश काढला तेव्हाच झडून गेला. खर्च कुणी करायचा यावरून राज्यं कुरकुरत होती. तीस वर्षांनी माझं मत असं, की सक्ती सुसह्य झाली ती बारा पर्यायांमुळे. मनरेगाचं जॉब कार्ड आणि पासपोर्ट एकाच यादीत आहेत, हे त्यातलं शहाणपण. उद्या फक्त आधारच चालेल असं कुणी म्हणालं, तर बोटांचे ठसे झिजलेल्या ऊसतोड मजुराचं काय, हे त्याला विचारायला हवं.

ब्रिटनमध्ये इंग्लंडच्या केंद्रांवर मे २०२३ पर्यंत काहीच दाखवावं लागत नव्हतं. आता फोटो ओळख लागते. तिथे राहणारे भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचे म्हणून मत देऊ शकतात, आणि लेस्टरमधल्या मराठी माणसाला भारतीय पासपोर्ट दाखवून मत देता येतं.

तोच माणूस इथल्या निवडणुकीत मत देणार असेल तर नमुना ६अ भरून पासपोर्टातल्या पत्त्यावर नाव लावून घ्यावं लागतं. त्याला कार्ड मिळत नाही. बारा पर्याय त्याच्यासाठी नाहीत, फक्त मूळ पासपोर्ट. पोस्टाने मत पाठवता येत नाही, विमानाचं तिकीट काढून यावंच लागतं. आणि परक्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डधारकाला मत नाही, मग वाड्याच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव असलं तरी.