प्रतिकारशक्ती वाढवायची, पण कुणावर सोडायला?

औषधाच्या दुकानात काउंटरवर ती बरणी असतेच: लेबलवर ढाल घेतलेला माणूस, खाली ‘इम्युनिटी वाढवा’. मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णाला कुणी ही प्रेमाने आणून दिली, की मला काय बोलावं कळत नाही. त्याची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती त्याच्याच मेंदूवर उलटली आहे.

या आजारात टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टणावर हल्ला चढवतात. पण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत तर घट्ट शिवलेली. मग त्या आत शिरतात कशा?

रानातून चालताना आघाडा धोतराला चिकटतो ना, तशा. सूज असेल तिथे रक्तवाहिनीच्या अस्तरावर व्हीकॅम-१ हे प्रथिन उगवतं. टी-पेशीच्या अंगावर असतं अल्फा-४ इंटिग्रिन. रक्ताच्या धारेतून जाणारी पेशी या प्रथिनात अडकते, अस्तरावरून गडगडते, थांबते, चपटी होते आणि भिंतीतून पलीकडे सरकते. पलीकडच्या पेशी तिला मायलिनचे तुकडे दाखवतात. तिने ते ओळखले, की इंटरफेरॉन-गॅमासारखे सायटोकाइन्स, म्हणजे पेशींचे रासायनिक निरोप, सुटतात, मेंदूच्या राखणदार मायक्रोग्लिया खवळतात, अस्तरावर व्हीकॅम आणखी वाढतं आणि नव्या टी-पेशींना वाट मिळते. सूजच सुजेला बोलावणं धाडते.

1992 मध्ये हे फार साध्या प्रयोगातून दिसलं. असाच आजार जडवलेल्या उंदरांच्या सुजलेल्या मेंदूचे पातळ काप घेऊन त्यांवर पांढऱ्या पेशी सोडल्या. त्या नेमक्या रक्तवाहिन्यांवर जाऊन बसल्या. अल्फा-४ झाकणारं प्रतिपिंड मिसळल्यावर मात्र चिकटेनात. तेच प्रतिपिंड जिवंत उंदरांना टोचलं, तर त्यांचा आजारही रोखला गेला.

त्यातूनच अल्फा-४ झाकणारं नॅटॅलिझुमॅब हे औषध आलं. चाचणीत आजार उसळण्याचं प्रमाण सुमारे 68 टक्क्यांनी घटलं. नोव्हेंबर 2004 मध्ये अमेरिकेने मान्यता दिली आणि लगेच ‘चमत्कार’ वगैरे सुरू झालं. फेब्रुवारी 2005 मध्ये औषध बाजारातून मागे! काही रुग्णांच्या मेंदूत जेसी विषाणू उसळला होता. निम्म्याहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो गुपचूप पडून असतो. त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या टी-पेशींनाही या औषधाने दाराबाहेरच अडवलं होतं.

2006 मध्ये ते कडक अटींसह परत आलं. आता सुरू करण्याआधी रक्तात जेसीविरुद्धची प्रतिपिंडं आहेत का ते बघतात, आणि पुढेही एमआरआय काढत राहतात.