तात्पुरते संरक्षण

युद्ध, नैसर्गिक आपत्ती किंवा तशाच असाधारण परिस्थितीमुळे ज्यांना मायदेशी सुखरूप परतता येत नाही, अशा परदेशी नागरिकांना ठरावीक मुदतीपुरते राहू देण्याची आणि बहुधा काम करू देण्याची कायदेशीर व्यवस्था. निर्वासिताच्या दर्जापेक्षा ती वेगळी आहे. 1951 च्या जिनीव्हा करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने छळ होण्याची साधार भीती असेल, तरच व्यक्ती निर्वासित ठरते. भूकंपाने घर गमावलेला माणूस किंवा दोन सैन्यांच्या कात्रीत सापडलेले गाव या व्याख्येत सहसा बसत नाही. शिवाय निर्वासिताचा दर्जा एकेका अर्जदाराला पुराव्यानिशी मिळवावा लागतो, तर तात्पुरते संरक्षण संपूर्ण देशाच्या नागरिकांना एकाच निर्णयाने लागू होते. या व्यवस्थेचा सर्वांत तपशीलवार कायदा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला असून तेथे ती ‘टीपीएस’ (टेंपररी प्रोटेक्टेड स्टेटस) या आद्याक्षरांनी ओळखली जाते. प्रस्तुत नोंद मुख्यतः तिच्याविषयी, आणि विशेषतः तिच्या मुदतवाढीविषयी आहे.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील या प्रथेचा आरंभ सामान्यतः 1960 च्या सुमारास, क्यूबातील क्रांतीनंतर झाला असे मानतात. त्या वेळी क्यूबन नागरिकांना देश सोडण्यासाठी वाढीव मुदत देण्यात आली. काही अभ्यासक मूळ आणखी मागे, 1956 च्या हंगेरीतील उठावानंतर आलेल्या लोकांच्या प्रवेशापर्यंत नेतात. मात्र तो प्रश्न बाहेरून आलेल्यांना आत घेण्याचा होता, आधीच आत असलेल्यांना परत न पाठवण्याचा नव्हता; म्हणून 1960 हाच आरंभबिंदू अधिक सयुक्तिक वाटतो. पुढील तीन दशकांत चेकोस्लोव्हाकिया, चिली, लेबानन, इथिओपिया, युगांडा, अफगाणिस्तान, पोलंड इ. देशांच्या नागरिकांना अशी सवलत मिळाली. तिला स्वतंत्र कायदा नव्हता. परराष्ट्र खात्याने शिफारस करायची आणि ॲटर्नी जनरलने (न्याय खात्याच्या प्रमुखाने) हद्दपारी थांबवायची, एवढाच तिचा आधार होता. कोणत्या देशाला ती द्यावी याचे निकष लिहिलेले नसल्याने शीतयुद्धातील मैत्री-वैराची छाया तिच्यावर पडणे अपरिहार्य होते.

ही उणीव एल साल्वाडोरच्या प्रकरणात उघडी पडली. 1980 च्या दशकातील यादवी युद्धातून पळून आलेल्या साल्वाडोरन लोकांना ही सवलत वारंवार नाकारली गेली, कारण तेथील सरकारला वॉशिंग्टनचाच पाठिंबा होता. नकाराला आव्हान देणारा, हॉटेल कामगारांच्या संघटनेने दाखल केलेला दावा कोलंबिया जिल्ह्याच्या, म्हणजे राजधानी वॉशिंग्टनच्या, अपील न्यायालयात 1988 मध्ये न्यायाधीशांच्या समसमान मतविभागणीमुळे फेटाळला गेला. मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी जो मोकली आणि ॲरिझोनाचे सेनेटर डेनिस डिकन्सिनी यांनी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, अनेक वर्षे विधेयक लावून धरले. अखेर 1990 च्या स्थलांतर कायद्यात त्याचा समावेश झाला आणि 29 नोव्हेंबर 1990 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी त्यावर सही केली. एल साल्वाडोरचे नाव त्या कायद्यात थेटच घातलेले होते.

या कायद्याच्या हेतूबद्दल मतभेद आहेत. एक मत असे, की तो मानवतावादी तरतूद आहे आणि निर्वासितविषयक कायद्यातील पोकळी भरणे हे तिचे काम. दुसऱ्या मतानुसार काँग्रेसला मुख्यतः कार्यकारी मंडळाच्या मोकाट विवेकाधिकाराला वेसण घालायची होती. कायद्याचे एक उपकलम दुसऱ्या मताला बळ देते : विशिष्ट देशाच्या नागरिकांना तात्पुरते राहू देण्याचा ॲटर्नी जनरलचा अधिकार यापुढे, अन्य स्पष्ट तरतूद नसल्यास, केवळ याच मार्गाने वापरता येईल असे ते सांगते. केवळ करुणेपोटी केलेल्या कायद्यात असे कुंपण घालण्याचे कारण नव्हते.

निर्देशनाचे निकष : एखाद्या देशाचे निर्देशन, म्हणजे त्याच्या नागरिकांना हे संरक्षण लागू असल्याची घोषणा, तीन कारणांनी करता येते. पहिले, चालू सशस्त्र संघर्ष. दुसरे, भूकंप, पूर, दुष्काळ, साथ यांसारखी पर्यावरणीय आपत्ती. येथे आपल्या नागरिकांना परत घेणे तूर्त शक्य नाही असे सांगून संबंधित देशाने स्वतः विनंती करावी लागते. तिसरे, सुरक्षित परतीच्या आड येणारी ‘असाधारण आणि तात्पुरती’ परिस्थिती, परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय हिताला बाध येत नसेल तरच. निर्देशनाचा अधिकार आरंभी ॲटर्नी जनरलकडे होता. 2003 पासून तो गृहसुरक्षा मंत्र्याकडे आहे. मुदत किमान 6 आणि कमाल 18 महिने असते.

मुदतवाढ : चालू मुदत संपण्याच्या किमान 60 दिवस आधी मंत्र्याने अन्य खात्यांशी विचारविनिमय करून त्या देशातील परिस्थितीचा आढावा घ्यावा, आणि निर्देशनाच्या अटी अजून पूर्ण होतात की नाही हे ठरवून फेडरल रजिस्टर या शासकीय राजपत्रात प्रसिद्ध करावे, अशी तरतूद आहे. अटी पूर्ण होत नसल्यास निर्देशन संपुष्टात आणावे लागते. तसा निष्कर्ष काढला गेला नाही, तर मुदत आपोआप 6 महिन्यांनी वाढते. मंत्र्याला ती 12 किंवा 18 महिन्यांचीही करता येते. कायद्याचा कल त्यामुळे वाढीकडे आहे, मौन पाळले तरी संरक्षण टिकते. याचे ठळक उदाहरण नोव्हेंबर 2017 मधील. तेव्हाच्या प्रभारी मंत्री एलेन ड्यूक यांनी निकाराग्वाचे निर्देशन संपवले, पण होंडुरासविषयी कोणताच निर्णय घेतला नाही. परिणामी होंडुरासची मुदत 5 जानेवारी 2018 वरून आपोआप 5 जुलै 2018 वर गेली.

मुदत कितीदा वाढवावी याला कायद्यात मर्यादा नाही. मिच चक्रीवादळानंतर जानेवारी 1999 मध्ये निर्देशित झालेले होंडुरास व निकाराग्वा आणि जानेवारी-फेब्रुवारी 2001 च्या भूकंपांनंतर त्याच वर्षी 9 मार्चला निर्देशित झालेले एल साल्वाडोर ही दीर्घ साखळीची प्रमुख उदाहरणे होत. एल साल्वाडोरची मुदत जानेवारी 2025 मधील निर्णयाने 9 सप्टेंबर 2026 पर्यंत गेली. 2001 मध्ये अमेरिकेत असलेले साल्वाडोरन मूल आता पंचविशीच्या पुढे आहे.

अटींचा वाद : सारा वाद एका प्रश्नाभोवती फिरतो. ‘निर्देशनाच्या अटी’ म्हणजे ज्या मूळ घटनेमुळे निर्देशन झाले तिचेच परिणाम, की आढाव्याच्या वेळची देशातील एकूण स्थिती? 2017 पूर्वीच्या सूचनांत दुसरा अर्थ सर्रास दिसतो. एल साल्वाडोरच्या 2016 च्या मुदतवाढीत भूकंपांबरोबर नंतरची वादळे, दुष्काळ आणि कॉफीवरील तांबेरा रोग यांचाही विचार झाला होता. नेपाळचे निर्देशन 25 एप्रिल 2015 च्या भूकंपामुळे झाले, पण 2016 च्या मुदतवाढीत नव्या राज्यघटनेवरून उसळलेली अशांतता आणि भारताच्या सीमेवरील कोंडीमुळे झालेली इंधनटंचाई यांचीही दखल होती. 2017-18 मध्ये मात्र सुदान, निकाराग्वा, हैती, एल साल्वाडोर, नेपाळ आणि होंडुरास यांची निर्देशने संपवताना निर्देशनाचे मूळ कारण वा त्याचे परिणाम ओसरले एवढेच पाहिले गेले. नंतरची संकटे, ती कितीही मोठी असोत, विचारातून वगळली गेली.

‘रामोस’ या दाव्यात कॅलिफोर्नियातील संघीय न्यायाधीश एडवर्ड चेन यांनी 3 ऑक्टोबर 2018 रोजी यांपैकी चार देशांबाबतच्या निर्णयांना अंतरिम मनाई केली. रुळलेली पद्धत कारण न देता बदलली आणि निर्णयांमागे वांशिक आकस असल्याची शंका घेण्यास जागा आहे, ही त्यांची दोन मुख्य कारणे होती. सप्टेंबर 2020 मध्ये नवव्या सर्किटच्या (कॅलिफोर्निया ज्याच्या कक्षेत येते त्या संघीय अपील न्यायालयाच्या) खंडपीठाने बहुमताने हा आदेश उलटवला. निर्देशन, मुदतवाढ किंवा समाप्ती यांविषयीच्या निर्णयाचा न्यायालयीन फेरविचार होणार नाही, हे कायद्यातील उपकलम त्याला निर्णायक वाटले. प्रकरण पुढे मोठ्या पीठासमोर गेले. पण जून 2023 मध्ये बायडेन प्रशासनाने एल साल्वाडोर, होंडुरास, नेपाळ आणि निकाराग्वा यांच्याबाबतचे समाप्तीचे निर्णयच मागे घेतल्याने मूळ प्रश्न अनिर्णित राहिला. शब्दशः पाहता दोन्ही अर्थ निघू शकतात. तथापि कायदा परिस्थितीचा आढावा घ्यायला सांगतो आणि परत पाठवलेला माणूस आजच्या देशात उतरतो, 2001 च्या नव्हे. हे लक्षात घेता जुनी पद्धत कायद्याच्या अधिक जवळची म्हणावी लागते.

‘तात्पुरती’ या विशेषणाचाही असाच पेच आहे. कॅरिबियनमधील माँटसेराट बेटावर ज्वालामुखीमुळे 1997 मध्ये निर्देशन झाले. 2005 मध्ये ते संपले, पण धोका टळल्यामुळे नव्हे. उद्रेक दीर्घकाळ चालू राहण्याची शक्यता असल्याने परिस्थितीला यापुढे तात्पुरती म्हणता येत नाही, असे कारण देण्यात आले. लाभार्थी तीनशेहून कमी होते, म्हणूनच कदाचित या अजब तर्काची फारशी चर्चा झाली नाही.

पुनर्निर्देशन आणि रद्दीकरण : मुदतवाढीचा लाभ आधीच नोंदणी असलेल्यांनाच मिळतो. नंतर आलेल्यांना सामावून घ्यायचे तर पुनर्निर्देशन करून पात्रतेसाठी ज्या तारखेपासून वास्तव्य असावे लागते ती पुढे सरकवावी लागते. हैतीबाबत 12 जानेवारी 2010 च्या भूकंपानंतर मे 2011 मध्ये असे करण्यात आले. कायद्यात पुनर्निर्देशनाची स्वतंत्र प्रक्रिया सांगितलेली नाही, परंतु ‘सर्वांत अलीकडील निर्देशन’ असा उल्लेख असल्याने हा अधिकार गृहीत धरला जातो.

दिलेली मुदतवाढ मुदतीआधीच रद्द करता येते का, हा प्रश्न 2025 पर्यंत सहसा उपस्थित झाला नव्हता. जानेवारी 2025 मध्ये व्हेनेझुएलाला दिलेली 18 महिन्यांची वाढ नव्या गृहसुरक्षा मंत्री क्रिस्टी नोएम यांनी काही दिवसांतच मागे घेतली आणि 2023 च्या निर्देशनाखालील सुमारे साडेतीन लाख लोकांचे संरक्षण संपवण्याचा निर्णय घेतला. कायद्यात समाप्तीची रीत दिली आहे, रद्द करण्याची नाही, असा कौल चेन यांनी व नंतर ऑगस्टमध्ये नवव्या सर्किटने दिला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 19 मे आणि 3 ऑक्टोबर 2025 रोजी, दोन्ही वेळा, चेन यांच्या आदेशांना स्थगिती दिली. हे अंतरिम आदेश असल्याने त्यांतून कायद्याचा अंतिम अर्थ काढणे घाईचे ठरेल.

हक्क व मर्यादा : लाभार्थ्याला हद्दपार करता येत नाही आणि कामाचा परवाना मिळतो. प्रत्येक मुदतवाढीच्या वेळी पुन्हा नोंदणी करावी लागते. एक गंभीर किंवा दोन किरकोळ गुन्ह्यांत दोषी ठरलेली व्यक्ती अपात्र होते. नव्या मुदतीचे परवाने वेळेत छापून होत नसल्यामुळे जुन्या परवान्याची वैधता राजपत्रातील सूचनेनेच वाढवण्याची पद्धत पडली आहे. वरवर मुदत उलटलेले हे कार्ड ग्राह्य आहे, हे नोकरी देणाऱ्याला पटवणे ही लाभार्थ्यांची नित्याची अडचण असते.

या दर्जातून कायम वास्तव्याकडे, म्हणजे ग्रीन कार्डाकडे, थेट वाट नाही. बेकायदा प्रवेश केलेल्याला या दर्जामुळे रीतसर प्रवेश मिळाला असे होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 7 जून 2021 रोजी एकमताने दिला. लाभार्थ्यांना कायम वास्तव्य देणारे विधेयक तीन-पंचमांश मतांशिवाय सेनेटने विचारात घेऊ नये, असेही कायद्यातच नमूद आहे. मुदतवाढींची साखळी लांबते त्याचे एक कारण हेच : काँग्रेसने पुढची वाट अरुंद ठेवली आणि मागची वाट मायदेशातील परिस्थितीने बंद केली. 2025 च्या आरंभी 17 देशांचे सुमारे 13 लाख लोक या दर्जावर होते.

समांतर व्यवस्था : उपरोक्त कुंपण असूनही राष्ट्राध्यक्षांनी परराष्ट्र धोरणविषयक अधिकारात हद्दपारी पुढे ढकलण्याची वेगळी प्रथा चालू ठेवली. साल्वाडोरन लोकांची 1990 ची मुदत जून 1992 मध्ये संपल्यावर त्यांना याच मार्गाने 1994 अखेरपर्यंत राहू दिले गेले. लायबेरियाचे नागरिक 1991 पासून आलटूनपालटून दोन्ही व्यवस्थांखाली राहिले. डिसेंबर 2019 मध्ये काँग्रेसने खास तरतूद करून त्यांना कायम वास्तव्याची संधी दिली.

यूरोप : बोस्निया आणि कोसोव्होच्या अनुभवानंतर यूरोपीय संघाने 20 जुलै 2001 रोजी तात्पुरत्या संरक्षणाचा निदेश काढला. 2015 च्या सीरियन स्थलांतरातही न वापरलेला हा निदेश 4 मार्च 2022 रोजी युक्रेनच्या नागरिकांसाठी प्रथमच लागू झाला. त्यात एक वर्ष, त्यावर सहा-सहा महिन्यांच्या दोन आपोआप वाढी आणि नंतर मंत्रिपरिषदेच्या निर्णयाने ‘एक वर्षापर्यंत’ वाढ असा क्रम आहे. हे शेवटचे वर्ष एकदाच देता येते, अशा वाचनानुसार संरक्षण मार्च 2025 मध्ये संपायला हवे होते. परिषदेने ते आधी मार्च 2026 आणि मग 4 मार्च 2027 पर्यंत वाढवले, म्हणजे ही वाढ पुन्हा देता येते असा अर्थ लावला. चाळीस लाखांहून अधिक लोक त्यावर अवलंबून असल्याने व्यवहारात हाच अर्थ रूढ झाला आहे.

भारत : भारताने 1951 च्या करारावर सही केलेली नाही आणि तात्पुरत्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही केलेला नाही. निरनिराळ्या गटांबाबत प्रशासकीय आदेशांनी काम चालते. दुसऱ्या महायुद्धात आलेल्या सुमारे पाच हजार पोलिश लोकांची छावणी 1943 पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे होती. युद्धानंतर पोलंडमधील सत्ता बदलल्याने त्यांपैकी अनेकांना परतणे नको होते आणि ते ब्रिटनसह इतर देशांत गेले. तिबेटी लोकांना नोंदणी प्रमाणपत्र दिले जाते व ठरावीक काळाने त्याचे नूतनीकरण करावे लागते. महाराष्ट्रात त्यांची वसाहत गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगाव परिसरात नोर्ग्येलिंग या नावाने आहे.