नव्या रिंगांआधी बोअर का घासतात?

गाडी निळसर धूर मारायला लागली, ऑइल पिऊ लागली, की गॅरेजात निदान ठरलेलं असतं: रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीची धातूची कडी, गेल्या. हेड उघडतं, पिस्टन बाहेर येतात, नवा सेट येतो आणि पुष्कळदा तो तसाच जुन्या बोअरात, म्हणजे पिस्टन वर-खाली होतो त्या सिलिंडरच्या पोकळीत, उतरवला जातो. थोड्याच दिवसांत धूर परत सुरू. मग सगळे नव्या रिंगांना नावं ठेवतात. सिलिंडरच्या भिंतीकडे कोणी पाहिलेलंच नसतं.

या भिंतीची डोकेदुखी वाफेच्या काळापासूनची. जेम्स वॅटच्या इंजिनात पिस्टनच्या कडेने वाफ निसटायची, कारण मोठा सिलिंडर नीट गोल कोरणारं यंत्रच नव्हतं. तोफा कोरण्याच्या पद्धतीचं पेटंट इंग्रज लोखंड-कारखानदार जॉन विल्किन्सनने १७७४ साली घेतलं आणि पुढच्या वर्षी वॅटसाठी सिलिंडर कोरून दिले. ५० इंची सिलिंडरात जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीएवढीही चूक नाही, असं वॅटचा भागीदार बोल्टन कौतुकाने लिहून गेला. आज मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी झीज दिसली तरी ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य भाग) बोअर करायला, म्हणजे सिलिंडर कोरून थोडा मोठा करायला, पाठवतात. उरलेली फट तेव्हा चरबीत भिजवलेल्या दोरखंडाने भरत. इंग्रज इंजिनिअर जॉन रॅम्सबॉटमने १८५२ मध्ये चीर दिलेली धातूची रिंग आणली, तेव्हा दोरखंडाची गरज संपू लागली. रिंग सिलिंडरपेक्षा जरा मोठी. दाबून आत घातली की स्वतःच्याच ताणाने भिंतीला चिकटून राहते. आजच्या मोटारीतली रिंगही त्याच कल्पनेवर चालते.

मोटारी आल्यावर बोअर आधी कोरत, पुढे ग्राइंडिंग करू लागले, आणि १९२० च्या दशकात होनिंग रुळलं. त्यात दगडाच्या कांड्या फिरता फिरता वर-खाली होतात आणि भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी उमटते. आरशासारखी भिंत सर्वांत चांगली, असं आपल्याला सहज वाटतं. पण आरशावर ऑइल टिकत नाही. जाळीच्या बारीक रेघांत ते साठतं, आणि रेघांच्या टोकदार कडा नवी रिंग घासून तिला भिंतीच्या आकारात बसवतात. गाडी चालून चालून ही जाळी झिजते, वर जळक्या ऑइलचा चकचकीत थर चढतो. जुन्या मऊ बिडाच्या रिंगा त्यातूनही कशाबशा बसायच्या. क्रोमचा मुलामा असलेल्या कडक रिंगा आल्यावर ती सवलत गेली. क्रोम सहजी झिजत नाही, म्हणून भिंत आधीच तयार हवी.

मुंबईत हे सगळं ज्यांनी रोज भोगलं ते टॅक्सीवाले. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी मूळची फियाट ११००: १०८९ सीसी, ६८ मिलिमीटरचा बोअर. बोअर फार झिजला की तो कोरून ओव्हरसाइज, म्हणजे जरा मोठा, पिस्टन; तेही संपलं की स्लीव्ह, म्हणजे आत बसवायची नवी नळी. एकाच ब्लॉकवर गाडीचं आयुष्य काढायचं. माझे वडील काळी-पिवळी चालवायचे. एकदा 'हाफ इंजिन', म्हणजे रिंगा बदलण्याची अर्धी दुरुस्ती, करून आणलेली गाडी पंधरा दिवसांत पुन्हा उघडावी लागली. त्या गॅरेजने होनिंग मारलं होतं, पण नंतर ब्लॉक नुसता घासलेटने पुसला होता. दगडाची भुकटी रेघांत तशीच राहिली आणि तिने नव्या रिंगा खाल्ल्या. पंधरा दिवसांची कमाई त्यात गेली. वडिलांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या वेळी मिस्त्री वयस्कर होते. त्यांनी माझं बोट धरून बोअराच्या वरच्या कडेशी फिरवलं. नख अडकलं. रिंग जिथपर्यंत येते तिथपर्यंत भिंत झिजते, त्याच्या वर झिजत नाही. तिथे पायरी पडते. ती काढली नाही तर नवी रिंग तिच्यावर आपटून मोडते. मग एक रिंग एकटीच बोअरात सरकवून पिस्टनने सरळ केली आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजली, साधारण पाव मिलिमीटर. होनिंगला ड्रिल हळू, हात भरभर वर-खाली. रेघा एकमेकींना ४५ ते ६० अंशांत छेदायला हव्यात. फार आडव्या पडल्या तर ऑइल जास्त धरून ठेवतात, फार उभ्या पडल्या तर ते खाली गळून जातं. बोअर अंडाकृती झाला असेल तर मात्र होनिंगचा उपयोग नाही, तो कोरून मोठाच करावा लागतो. ॲल्युमिनियमच्या, कडक मुलाम्याच्या नव्या सिलिंडरांना तर हा दगड लावायचाच नाही.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी धुण्याला दिला. गरम पाणी, साबण, ब्रश. परत गरम पाणी. मग ऑइलमध्ये बुडवलेली पांढरी चिंधी बोअरात फिरवायची आणि ती करडी निघाली की पुन्हा धुवायचं. जुलै महिना होता. उघड्या बिडावर डोळ्यांदेखत तांबूस गंज धरायचा, म्हणून पाणी निथळायच्या आत ऑइलचा हात फिरत होता. पाचव्या खेपेला चिंधी पांढरी निघाली, तेव्हा कुठे त्यांनी रिंगांचं पाकीट फोडलं.