नटराजाच्या पोटातलं शिसं

सणासुदीचे दिवस आले की मोबाईलवर जाहिराती सुरू होतात: ‘अस्सल पंचधातूची नटराज मूर्ती, घरातली नकारात्मक ऊर्जा शोषून घेते!’ सोबत पाच धातूंचा ग्रहांशी लावलेला संबंध आणि साध्या पितळी मूर्तीपेक्षा बरीच चढी किंमत. फसवणूक आपल्याला नवी नाही. पण ज्या चोळकालीन मूर्तींच्या पुण्याईवर हा धंदा चालतो, त्यांच्या धातूत खरोखरच एक भन्नाट गोष्ट घडलेली असते आणि तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

सुरुवात धर्मापासून करावी लागेल, कारण दगड सोडून धातू धरायला लावला तो धर्मानेच. सातव्या शतकात तमिळ मुलखात अप्पर, संबंदर यांच्यासारखे शैव संत गावोगावच्या शिवावर पदं गात हिंडत होते. भक्तीची लाट गावागावांत पोचली, पण देव मात्र गाभाऱ्यात दगडी लिंगाच्या रूपात पक्का रोवलेला, आणि तिथवर सगळ्यांना प्रवेश नाही. मग देवानेच बाहेर यायचं ठरलं. देवळं आणि पूजेचे नियम सांगणाऱ्या आगमग्रंथांनी मूर्तींचे अचल आणि चल असे भेद सांगितले आणि चल मूर्ती उत्सवात मिरवू लागल्या. आपल्याला हे नवीन नाही. सोमवती अमावास्येला खंडोबा जेजुरीच्या गडावरून पालखीतून कऱ्हेवर स्नानाला जातो, त्या उत्सवमूर्तीच असतात. चोळांनी ही कल्पना फार मोठ्या प्रमाणावर राबवली. दहाव्या शतकात राणी सेंबियन महादेवीने विटांची जुनी देवळं दगडात बांधून घेतली आणि नटराजाला देवळांच्या भिंतीवर मानाची जागा दिली. पुढे चोळ राजा राजराजाने तंजावरला बृहदीश्वर मंदिर उभारलं, ते १०१० साली पुरं झालं. तिथल्या शिलालेखांत धातूच्या मूर्तींची जंत्रीच आहे: कुणी अर्पण केली, उंची किती, हात किती.

संग्रहालयात अशी मूर्ती दिसली की चेहऱ्याआधी तिची बैठक बघा. तिथे भोकं किंवा कड्या असतात. त्यांतून वासे आणि दोर ओवून मूर्ती खांद्यावर घेत. म्हणजे गर्दीतले हिसके सोसायचे, तेही एका पायावर, चार हात आणि मोकळ्या जटा पसरून. दगडाला हे जमत नाही. दगड दाब कितीही सोसतो, पण वाकवणारा ताण आला की तडकतो. म्हणून घारापुरीच्या नाचणाऱ्या शिवाच्या पाठीला डोंगर लागतो. तंजावरकडचा शिव मात्र हवेत मोकळा नाचतो.

आता माझ्या आवडीचा भाग. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैत स्थपती, म्हणजे मूर्तिकार, आजही जुन्याच रीतीने काम करतात. मधमाश्यांचं मेण, राळ आणि थोडं शेंगदाण्याचं तेल एकत्र वितळवतात. नुसतं मेण तिथल्या उकाड्यात मऊ पडतं, राळेने ते घट्ट होतं. (शेंगदाणा अमेरिकेतून आला, तेव्हा चोळांचे कारागीर दुसरं कुठलं तरी तेल वापरत असणार.) या मेणाची दागिन्यांसकट पूर्ण मूर्ती घडते. तिच्यावर कावेरीच्या गाळाचा अगदी बारीक थर, त्यात जाळलेला भाताचा तूस मिसळलेला. मग जाड मातीचे थर. साचा तापवला की मेण वितळून वाहून जातं आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. साचा गरम असतानाच जमिनीत पुरून त्यात वितळलेल्या धातूचा रस ओततात. माती सच्छिद्र असल्यामुळे आतली हवा बाहेर पडायला वाट मिळते.

खरी कसोटी यापुढे. चोळ मूर्ती भरीव आहेत. बोट काडीएवढं, धड मांडीएवढं, आणि दोन्ही एकाच ओतीत. बोटं पटकन थिजतात, धड सावकाश. शिवाय थिजताना धातू आकसतो, त्यामुळे आत पोकळ्या राहण्याची भीती. शुद्ध तांबं १०८५ अंश सेल्सिअसला एकदम थिजतं. त्यात कथील घातलं की वितळणबिंदू खाली येतो आणि थिजणं एका तापमानाला न होता शे-दीडशे अंशांच्या पट्ट्यात लांबतं. या पट्ट्यात रसाच्या आत फांद्याफांद्यांचे स्फटिक वाढत जातात, त्यांना डेंड्राइट म्हणतात. फांद्या एकमेकींत अडकल्या की मधल्या फटींत नवा रस पोचत नाही.

इथे शिसं कामाला येतं. शिसं घन तांब्यात जवळजवळ विरघळत नाही आणि थंड होताना पार ३२७ अंशांपर्यंत द्रवच राहतं. स्फटिक वाढताना ते बाहेर ढकललं जातं आणि थेंबाथेंबाने फांद्यांमधल्या फटींत जाऊन बसतं. नेमक्या ज्या जागा पोकळ राहिल्या असत्या, त्या बऱ्याच अंशी भरल्या जातात. शिशामुळे रसही चांगला धावतो, छिन्नी-कानस चालवायलाही सोपं जातं. प्राचीन धातूंच्या अभ्यासक शारदा श्रीनिवासन यांनी दक्षिणेतल्या शंभरावर मूर्तींच्या धातूचं पृथक्करण केलं आहे. चोळ मूर्ती निघाल्या शिसंमिश्रित काशाच्या (ब्राँझच्या): मुख्यतः तांबं, काही टक्के कथील, काही टक्के शिसं. सोनं आणि चांदी नावापुरती, लेशमात्र. ओतताना भाविकाने गुंजभर सोनं टाकलं तर ती त्याची श्रद्धा, पण तेवढ्याने धातूचा एकही गुणधर्म बदलत नाही.

रस किती घ्यायचा याचंही गणित होतं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाच्या वजनावरून धातूचं वजन ठरवायचा नियम आहे. पितळ किंवा तांबं मेणाच्या आठपट, चांदी बारापट, सोनं सोळापट. मेणाची घनता ०.९६, पितळेची साधारण ८.५, म्हणजे गुणोत्तर ८.९. मेणात राळ असली की ते जड होतं आणि हे उत्तर आठच्या जवळ सरकतं. चांदीचं गुणोत्तर ११ येतं, तिथे रस थोडा उरेल, ते बरंच. शुद्ध सोन्याला मात्र वीसपट लागेल. सोळापटीत साचा पुरा भरायचा तर सोनं अठरा कॅरटच्या आसपासचं हवं. घनतेचा तक्ता हाताशी नसताना निव्वळ तराजूवर इतकं जवळ पोचणं, मला तरी पंचधातूच्या ऊर्जेपेक्षा जास्त थक्क करतं.

जिनिव्हाच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत भारत सरकारने भेट दिलेला नटराज २००४ पासून उभा आहे. त्यावरून ‘आपल्या पूर्वजांना कणभौतिकी ठाऊक होती’ अशी ढकलपत्रं फिरतात. पूर्वजांना शिसं कधी थिजतं याची जाण होती, तेवढं कौतुक पुरेसं नाही का?

आणखी गंमत म्हणजे इतक्या खटपटीने घडवलेलं शरीर मिरवणुकीत दिसतच नसे. रेशीम, दागिने, हार यांतून चेहरा तेवढा बाहेर. शतकानुशतकांच्या अभिषेकांनी आणि घासण्यापुसण्याने तोही कित्येक मूर्तींवर गुळगुळीत झाला आहे. आक्रमणाच्या भीतीने ज्या जमिनीत पुरल्या, त्या हिरवा गंज घेऊन बाहेर आल्या, पण नाकडोळे शाबूत.

चल मूर्ती चोरायलाही सोप्या. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदन गावचा नटराज चोरीला गेला आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो पन्नास लाख डॉलरहून जास्त मोजून विकत घेतला. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेकडे त्याच मूर्तीचे देवळातले जुने फोटो होते, ते ताडून पाहिले गेले. या रीतीत मूर्ती काढताना साचा फोडावाच लागतो. त्यामुळे जुळी मूर्ती निघत नाही, आणि ओतीतल्या बारीकसारीक खोडी बोटांच्या ठशांसारख्या एकाच मूर्तीच्या असतात. २०१४ मध्ये नटराज भारतात परत आला.