धडधड सुरू झाली की नेमकं बघायचं काय: पॅनिक अटॅक की ठोक्यांची गडबड?

छाती धडधडते, घाम फुटतो, हातपाय गळतात आणि आता आपलं काही खरं नाही असं वाटतं. हे पॅनिक अटॅकमध्येही (अचानक उसळणाऱ्या भीतीच्या झटक्यात) होतं आणि ठोक्यांची लय बिघडली तरी होतं, त्यामुळे 'घाबरलाय म्हणजे पॅनिकच' हा हिशोब मुळातच चुकीचा. ठोके एकदम १८० वर गेले तर कुणीही घाबरेल की! भीती बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी बघा, धडधड सुरू कशी झाली आणि थांबली कशी.

पॅनिकमध्ये ठोके चढत जातात. साधारण १० मिनिटांत कळस गाठतात, मग अर्ध्याएक तासात हळूहळू ओसरतं आणि मागे नुसता थकवा राहतो. वेग बहुतेक वेळा १०० ते १४०, लय नियमित. श्वास भराभर घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो म्हणून बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. नाशिकच्या द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर होतं तसंच रात्री गाढ झोपेतही होतं, त्यामुळे झोपेत झालं म्हणजे हार्टच, असंही काही नाही.

एसव्हीटी म्हणजे सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, ठोक्यांच्या गडबडीचा एक प्रकार, त्याचं वेगळं असतं. यात हृदयातल्या विद्युत संदेशाला एक जास्तीची वाट मिळते आणि तो तिथल्या तिथे गोल फिरत राहतो. माणूस शांतपणे भाजी निवडत बसलेला असतो किंवा चप्पल घालायला वाकतो आणि एका क्षणात ठोके १५० ते २२०! मानेत काहीतरी उडतंय असं बऱ्याच जणांना वाटतं, नंतर लघवीला भरपूर होते, आणि थांबतं तेही खटकन, पेशंट अगदी सांगू शकतो की आत्ता थांबलं. दोघांतला सगळ्यात कामाचा फरक हाच आहे असं माझं मत, पण ओपीडीच्या गर्दीत नेमकं हेच विचारायचं राहून जातं.

एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे एएफमध्ये वेगापेक्षा लयच गेलेली असते, नाडीवर बोट ठेवलं तर पहिल्याच दिवशी ढोल गळ्यात अडकवलेल्या पोरांचं पथक वाजतंय असं लागतं, कशाचा कशाला मेळ नाही. वय वाढलेलं, बीपी, शुगर असेल तर हे जास्त दिसतं, आणि यात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो म्हणून अंगावर काढू नका. (वीकेंडला गंगापूर धरणाकडच्या वायनरीत जास्त झाली की दुसऱ्या दिवशी धडधडतं ते दोन्हीपैकी काहीही असू शकतं, दारू एएफलाही उठवते आणि उतरताना घबराटही वाढवते.)

आता धडधडतंय म्हटलं की बायकांना ऐकावं लागतं त्या 'टेन्शन घेऊ नकोस गं' याबद्दल. १९९७ मध्ये अमेरिकेत एसव्हीटीच्या १०७ पेशंटचा अभ्यास छापून आला होता, त्यात दोनतृतीयांश लोक लक्षणांवरून पॅनिक डिसऑर्डरच्या निकषात बसत होते आणि अर्ध्याहून जास्त जणांचा एसव्हीटी पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता. बायकांची धडधड टेन्शनवर ढकलण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त होतं. आपल्याकडे तर डॉक्टरच्या आधी घरातलेच ढकलतात.

नॉर्मल ईसीजी आला म्हणजे विषय संपला असंही नाही. धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी नॉर्मलच येतो बहुतेकदा. धडधड चालू असतानाचा ईसीजी हवा, म्हणून सुरू झालं की जवळच्या दवाखान्यात जाऊन पट्टी काढून घ्या आणि ती जपून ठेवा. रोजच्या रोज होत असेल तर २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) उपयोगी, महिन्यातून एकदा होणाऱ्यासाठी तो बहुतेक रिकामाच निघतो, मग जास्त दिवसांचा मॉनिटर लागतो. घरी असाल तर मनगटावर नाडी ३० सेकंद मोजून दुप्पट करा, लय सरळ आहे का बघा, वेळ लिहा. घड्याळाने दाखवलेला नुसता आकडा पुरेसा नाही, ईसीजी काढणारं घड्याळ असेल तर ते रेकॉर्डिंग मात्र डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी दोन्हीत करायचीच.

घरी बसून ठरवायचंच नाही अशा वेळाही असतात: शुद्ध हरपली, छातीत दाब येऊन दुखतंय, दम लागतोय, पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना डोळ्यापुढे अंधार आला, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय. पहिल्या तिन्हीत सरळ १०८, उरलेल्या दोन्हीत कार्डिओलॉजिस्ट, आणि तोवर चढण बंद.

निदान झालं की दोन्हीवर चांगले उपचार आहेत. एसव्हीटी ॲब्लेशनने (नळी घालून ती जास्तीची वाट बंद करतात) बहुतेकांचा कायमचा जातो, पॅनिकवर सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत) आणि गोळ्या चालतात, आणि बोलायला आधी कुणी हवं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे. काहींना दोन्ही असतं, वर्षानुवर्षं एसव्हीटीने दचकून दचकून पॅनिक जडलेलं असतं, अशांची ॲब्लेशननंतरही भीती राहते आणि तिच्यावर वेगळा उपचार करावा लागतो.